हत्याराची झीज

शाळेच्या कचेरीत हजेरीपटांच्या खालच्या फळीवर एक जाडजूड वही असते. सरकारी मराठीत तिला 'जडवस्तू संग्रह नोंदवही' असे भारदस्त नाव आहे. परंतु शिपायापासून मुख्याध्यापकांपर्यंत सारे तिला 'डेडस्टॉक' म्हणूनच ओळखतात. बाके, फळे, घड्याळ, नकाशे यांच्या जोडीने जेथे हस्तव्यवसायाचा वर्ग असेल तेथे करवती, रंधे, पटाश्या, कानशी आणि शेगडे यांचीही नोंद या वहीत होते. कपाटाला किंवा घड्याळाला 'मृत साठा' म्हटले तर त्यांत वावगे काही नाही. पण करवतीला तेच नाव देणे आम्हांला नेहमी विचित्र वाटत आले आहे. कारण करवत ही वापरली तरच करवत, एरवी ती दाते असलेला लोखंडी पत्रा.

काही वर्षांपूर्वी एका गावच्या शाळेत आम्हांला सुतारकामाची खोली मोठ्या अगत्याने दाखविण्यात आली. भिंतीवर प्रत्येक हत्याराची आकृती रंगविलेली होती आणि त्या आकृतीवर ते ते हत्यार टांगलेले होते. सारे तेल लावून पुसलेले, संख्येने पुरे. एकही नग हरवला नव्हता, एकही मोडला नव्हता. खोली दाखविणाऱ्या गृहस्थांना याचा अभिमान होता आणि हिशेबाच्या दृष्टीने तो रास्तही होता. आम्ही एक रंधा सहज हातांत घेऊन पाहिला. त्याच्या पात्यावरचा कारखान्यातील तेलकट कागद अजून निघालेला नव्हता. त्या खोलीतून किती मुले शिकून गेली, हे विचारण्याचे धैर्य मग आम्हांला झाले नाही.

व्यवसायशिक्षणाचा इतिहास लिहिताना आपण सहसा समित्या, ठराव आणि अभ्यासक्रम यांची जंत्री देतो. तोच इतिहास हत्यारांच्या बाजूने वाचला, म्हणजे कोणते हत्यार कोणी मागविले, ते कोठून आले, कोणाच्या हाती गेले आणि झिजल्यावर त्याचे काय झाले, असे विचारीत गेले, तर यशापयशाची कारणे फार स्पष्ट दिसतात. या लेखात आम्ही तसा एक लहानसा प्रयत्न करीत आहो.

आरंभ बडोद्यापासून करणे योग्य. १८९० साली श्रीमंत सयाजीराव महाराजांच्या राजवटीत तेथे कलाभवनाची स्थापना झाली आणि रसायनशास्त्रज्ञ त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर हे तिचे पहिले प्रमुख झाले. त्या काळी धंदेशिक्षणाची संस्था काढणे म्हणजे इमारत बांधून तीत विलायतेहून मागविलेली यंत्रे मांडणे, अशीच समजूत होती. गज्जरांची दृष्टी याहून व्यापक होती. जर्मनीत कृत्रिम रंग निघाल्यामुळे आपल्या रंगाऱ्यांचा परंपरागत धंदा डबघाईस येत होता. १८६९ मध्ये मंजिष्ठेतील रंगद्रव्य प्रयोगशाळेत तयार झाले, तर १८९७ मध्ये कृत्रिम नीळ बाजारात आली. अशा वेळी रंगाऱ्याच्या मुलाला केवळ नवी भांडी आणि नवी पूड देऊन भागणार नव्हते. त्या पुडीचा गुणधर्म त्याला त्याच्या भाषेत समजावून देणारे पुस्तकही हवे होते. म्हणून देशी भाषेतून शिक्षण आणि 'सयाजी ज्ञानमंजूषा' या मालेतून शास्त्रीय व धंदेविषयक ग्रंथ, अशी योजना आखण्यात आली. सामग्रीच्या यादीत पुस्तकाला हत्याराच्या बरोबरीचे स्थान देणारी ही योजना होती, आणि आमच्या मते कलाभवनाचे खरे मोठेपण येथेच आहे.

तेथील सामग्री कपाटात राहिली नाही, याची साक्ष पुढच्या घटनाच देतात. धुंडिराज गोविंद फाळके हे मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतून १८९० च्या सुमारास कलाभवनात आले. चित्रकलेबरोबर छायाचित्रणाची हौस त्यांना लागली आणि गज्जरांनी संस्थेतील छायाचित्रणाची सामग्री त्यांना वापरू दिली. काचेवर रसायने पसरून प्रतिमा कशी उमटते, हे त्यांनी तेथे हात काळे करून शिकून घेतले. १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आला त्यामागे अनेक कष्ट आणि अनेक विद्या होत्या. त्यांतली एक ही की, एका तरुणाला अंधारखोलीची किल्ली मिळाली होती. १९०७ साली बडोद्यात निघालेल्या अलेंबिक कारखान्याच्या उभारणीतही गज्जर आणि त्यांच्या परंपरेतील कोटिभास्कर व भाईलाल अमीन यांचीच नावे येतात. कलाभवन पुढे महाराजा सयाजीराव विद्यापीठात विलीन झाले. तंत्रशास्त्र विद्याशाखेला बडोदेकर आजही 'कलाभवन' याच नावाने ओळखतात.

तथापि कलाभवनामागे एका संस्थानाचा खजिना होता. शिवाय यंत्र परदेशातून आणावयाचे म्हटले की त्याचा सुटा भागही परदेशातूनच येणार. एक दातेरी चाक मोडले तर आगबोटीची वाट पाहावी लागणार. हत्यार जवळच कोठेतरी बनल्याखेरीज शाळांतील कार्यशाळा आपल्या पायांवर उभ्या राहणार नाहीत, ही गोष्ट एका बेळगावकडील गृहस्थाच्या चरित्रात फार चांगली दिसून येते. मुंबईस १८८७ साली व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट निघाली. आज ती वीरमाता जिजाबाईंच्या नावाने चालते. तेथे लक्ष्मणराव किर्लोस्कर यंत्रांचे रेखन शिकवीत असत. रंगांची पारख नीट होत नसल्याने त्यांना चित्रकला सोडावी लागली होती, पण यंत्राची पारख त्यांना उपजतच होती. बढतीच्या बाबतीत डावलले गेल्यावर ती नोकरी सोडून ते बेळगावास आले. तेथे सायकलींचे दुकान, मग कडबा कापण्याचे यंत्र आणि लोखंडी नांगर, असा त्यांचा प्रवास झाला. १९१० साली औंध संस्थानच्या आश्रयाने किर्लोस्करवाडी वसली. आणि १९४१ साली, महायुद्धामुळे परदेशी यंत्रे मिळणे दुरापास्त झाले असताना, त्याच कुटुंबाच्या प्रयत्नाने हरिहर येथे म्हैसूर किर्लोस्कर हा कारखाना उभा राहिला, तो लेथ बनविण्यासाठी. ज्या शिक्षकाने शाळेतल्या परक्या यंत्रांवर हात बसविला, त्याच्याच घराण्याने पुढे देशाला यंत्रे बनविणारी यंत्रे पुरविली. शाळेतील हत्यार झिजले म्हणजे वाया गेले असे मानणाऱ्यांनी या उदाहरणाचा विचार करावा.

आता वर्ध्याकडे वळू. त्यापूर्वी १९२९ सालच्या एका जाहिरातीचा उल्लेख केला पाहिजे. ती शाळांसाठी नव्हती, घरोघरच्या कातकऱ्यांसाठी होती, पण सामग्री कशी मागवावी याचा तो नमुनेदार धडा आहे. अखिल भारतीय चरखा संघाने सुधारलेल्या चरख्यासाठी एक लक्ष रुपयांचे बक्षीस लावले. चरख्याची किंमत दीडशे रुपयांच्या वर जाता कामा नये. सामान्य झोपडीत तो मावला पाहिजे. स्त्रीला आठ तास फारशा श्रमावाचून चालविता आला पाहिजे. वेळोवेळी दुरुस्ती केल्यास निदान वीस वर्षे टिकला पाहिजे. आणि ती दुरुस्ती वर्षाला यंत्राच्या किमतीच्या शेकडा पाचांहून महाग पडता कामा नये. बक्षीस कोणालाच मिळाले नाही. पण या अटी पुन्हा वाचून पाहाव्या. खरेदीच्या किमतीबरोबर त्यांत वापरणाराचे शरीर आहे, घराची जागा आहे, यंत्राचे आयुष्य आहे आणि झिजेचा वार्षिक खर्च आहे. शाळांच्या खरेदीच्या कागदांत यांपैकी पहिली बाब तेवढी हटकून असते आणि बाकीच्या चार सहसा नसतात.

१९३७ च्या ऑक्टोबर महिन्यात वर्धा येथे गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षणपरिषद भरली आणि डॉ. झाकीर हुसेन यांच्या नेतृत्वाखाली एक समिती नेमण्यात आली. विनोबा भावे, काका कालेलकर, किशोरलाल मश्रूवाला, श्रीकृष्णदास जाजू, कुमारप्पा अशी माणसे तीत होती. दोन महिन्यांच्या आत, डिसेंबरच्या आरंभी, समितीने आपला वृत्तान्त सादर केला. सात वर्षांचे शिक्षण एका मूलोद्योगाभोवती गुंफावे, ही त्यातील मध्यवर्ती कल्पना. दिवसाच्या साडेपाच तासांपैकी तीन तास वीस मिनिटे मूलोद्योगाला दिली होती आणि शाळेचे कामाचे दिवस वर्षाला २८८ धरले होते.

हे आकडे हत्यारांच्या दृष्टीने मांडून पाहू. २८८ दिवस रोज तीन तास वीस मिनिटे, म्हणजे वर्षाला ९६० तास प्रत्येक मुलाच्या हाती हत्यार असावयास हवे. तीस मुलांच्या वर्गाला एकच यंत्र दिले, तर एकेकाच्या वाट्याला वर्षातून ३२ तास येतील आणि उरलेले ९२८ तास तो दुसऱ्याचे काम बघत उभा राहील. लेथ कितीही उत्तम असला तरी एका वेळी एकालाच शिकवितो. तीस कानशी तिसांना शिकवितात. वर्ध्याच्या योजनेने पहिल्या पायरीवर टकळी का निवडली, याचे उत्तर या साध्या त्रैराशिकात आहे. टकळी म्हणजे एक तार आणि एक चकती. ती सात वर्षांच्या मुलाच्या मुठीत मावते, पडली तरी मोडत नाही, वाकडी झाली तर गावचा लोहार सरळ करून देतो आणि वर्गातल्या प्रत्येकाला एकेक देणे गरिबातल्या गरीब शाळेलाही परवडते. शिवाय तिच्यावर निघणारे सूत मोजता येते. चार फुटांची एक तार, १६० तारांची एक लटी, चार लट्यांची म्हणजे ६४० तारांची एक गुंडी. येथे हत्यारातूनच अंकगणित निघते. टकळीवर हात बसला की चरखा आणि शेवटच्या दोन वर्षांत माग, असा क्रम ठेवला होता. मुलाच्या वयाबरोबर हत्यार वाढावे, ही त्यातील दृष्टी होती.

मग हा प्रयोग कोमेजला का? युद्ध आले, त्यापाठोपाठ प्रांतांतील काँग्रेस मंत्रिमंडळे १९३९ च्या अखेरीस गेली, ही राजकीय कारणे खरीच. पण स्वातंत्र्यानंतर सरकार अनुकूल असतानाही मूलोद्योगी शाळा बहुतेक ठिकाणी नावापुरत्याच राहिल्या, याचे कारण वेगळे आहे. टकळी स्वस्त होती, परंतु टकळीला रोज पेळू लागतो. पेळूसाठी कापूस वेळेवर हवा, तो लोढावा लागतो, पिंजावा लागतो. पिंजण नीट झाले नाही तर सूत पदोपदी तुटते, मूल कंटाळते आणि दोष टकळीला येतो. कातलेले सूत विणले गेले पाहिजे, विणलेले कापड कोणी तरी घेतले पाहिजे. विद्यार्थ्यांनी तयार केलेला माल सरकारने घ्यावा, ही मूळ योजनेतली अपेक्षा होती. ती प्रत्यक्षात फार थोड्या ठिकाणी पुरी झाली. हत्यार वाटण्याचे काम एका दिवसात होते. कच्चा माल पुरविण्याचे काम वर्षाच्या २८८ दिवस करावे लागते. शाळांत टकळ्या पोचल्या, पेळू पोचले नाहीत, आणि ज्या टकळीने सूत निघावयाचे तिची नोंद निमूटपणे त्या वहीत झाली.

याच्या उलट टोकाची चूक पुढच्या दशकात झाली. १९५२-५३ च्या मुदलियार आयोगाने माध्यमिक शिक्षणाला सात शाखा सुचविल्या आणि बहुउद्देशीय शाळा काढाव्या अशी शिफारस केली. वाङ्मय व शास्त्र यांच्या जोडीला तांत्रिक, शेतकी, व्यापारी, ललित कला आणि गृहविज्ञान या शाखा आल्या. कल्पना उदात्त होती. अनुदाने मिळाली, कार्यशाळांच्या इमारती उठल्या, लेथ व ड्रिल यंत्रे सिमेंटच्या चौथऱ्यांवर बसविली गेली. परंतु ती चालवावयास शिकविणारा शिक्षक कोठे होता? असे शिक्षक तयार करण्यासाठी अजमेर, भोपाळ, भुवनेश्वर आणि म्हैसूर येथे प्रादेशिक शिक्षण महाविद्यालये निघाली ती १९६३ साली, आयोगाच्या अहवालानंतर तब्बल दहा वर्षांनी. दहा पावसाळे कातकामाच्या यंत्राने तेल आणि हात यांची वाट पाहिली, तर त्याचे काय होते ते लोखंड जाणणाऱ्याला सांगावयास नको. यंत्र आधी व माणूस नंतर, हा क्रम उलटा होता. पुढे कोठारी आयोगाने 'कार्यानुभव' आणला, १९७७ च्या ईश्वरभाई पटेल समितीने 'समाजोपयोगी उत्पादक कार्य' हे नाव दिले. नावे बदलली, वेळापत्रकातील तास आक्रसत गेला आणि कपाटांच्या किल्ल्या होत्या तेथेच राहिल्या.

आम्ही हे कोणा एकाला दोष देण्यासाठी लिहीत नाही. हस्तव्यवसायाच्या शिक्षकाची अडचण आम्हांला ठाऊक आहे. अनुदान मिळते ते एकदाच, हत्यारांसाठी. लाकूड, खिळे, सरस, कानशी आणि धार लावण्याचा दगड यांसाठी दरवर्षी लागणारी रक्कम मागितली की 'सामग्री तर दिली आहे' असे उत्तर येते. खरेदी बहुधा मार्चअखेरच्या घाईत होते आणि ज्याची किंमत सर्वांत कमी त्याचे दरपत्रक मंजूर होते. मग अशी पटाशी येते की जिची धार सागवानावर दोन दिवस टिकत नाही. मोठ्या माणसाच्या मापाचा रंधा अकरा वर्षांच्या मुलाला दिला जातो आणि तो त्याला पेलत नाही. त्यातून एखादी करवत तुटलीच, तर तिचे निर्लेखन होईपर्यंत कागदांचा एक लांबलचक प्रवास सुरू होतो. तोवर तिचे तुकडे जपून ठेवण्याची जबाबदारी शिक्षकावर. हत्यार वापरले तर तपासणीचा ससेमिरा आणि न वापरले तर शाबासकी, अशी व्यवस्था असल्यावर कोणता शहाणा माणूस मुलांच्या हाती करवत देईल? त्या रंध्यावरचा कागद तसाच का राहिला होता, याचे उत्तर बहुधा हेच होते.

या कोंडीतून वाट काढणारा एक प्रयोग पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे झाला. डॉ. श्रीनाथ शेषगिरी कलबाग हे एका मोठ्या कारखान्याच्या संशोधनशाळेतील शास्त्रज्ञ. ती नोकरी सोडून १९८३ साली शिरूर तालुक्यातील या अवर्षणग्रस्त गावी त्यांनी विज्ञान आश्रम सुरू केला. शेजारच्या हायस्कुलात आठवी ते दहावीच्या मुलांसाठी आठवड्यातील एक दिवस कामाचा ठरला. मुलांनी वेल्डिंग शिकावे ते शेजाऱ्याच्या फाटकावर, सुतारकाम शिकावे ते शाळेच्याच बाकांवर. गावाची खरीखुरी गरज भागवावी आणि त्याचा मोबदला घ्यावा. शिकविण्यासाठी पदवीधारकाची वाट न पाहता गावातल्याच जाणकार कारागिरांना बोलाविले. या एका मांडणीने अनेक प्रश्न एकदम सुटतात. काम खरे असल्याने कच्चा माल काम सांगणारा आणतो. हत्याराची झीज मोबदल्यातून भरून निघते. बिघडलेले यंत्र दुरुस्त करणारा माणूस हाच शिक्षक असतो. आणि मूल जे करते ते कोणाच्या तरी दारात उभे राहते, कपाटात नव्हे. कलबाग २००३ साली निवर्तले, पण त्यांची पद्धत पाबळच्या बाहेरच्या अनेक शाळांत पोचली आहे.

बडोदे, वर्धा आणि पाबळ या तीन ठिकाणांत काळाचे व साधनांचे अंतर मोठे आहे. तरी तिन्ही ठिकाणी जे साधले आणि जे बिघडले त्यातून एकच गोष्ट निघते. शाळेसाठी हत्यार मागविताना त्याच्या झिजेची तरतूद त्याच दिवशी झाली पाहिजे. ते किती हातांत एकाच वेळी जाईल, त्या हातांचे वय काय, ते शिकविणारा माणूस आज गावात आहे काय, त्याला रोज काय खावयास घालावे लागेल, ते बिघडले तर किती कोसांवर दुरुस्त होईल आणि त्यातून निघालेली वस्तू कोण वापरील, एवढ्या प्रश्नांची उत्तरे मागणीपत्रावर लिहिली गेली, तर निम्मी मागणीपत्रे बदलतील आणि उरलेल्या निम्म्यांतील हत्यारे जिवंत राहतील.

२०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तरावाचून स्थानिक सुतार, माळी, कुंभार यांच्याजवळ काम शिकावे असे म्हटले आहे. दहा दिवस म्हणजे फार नव्हेत. वर्ध्याच्या ९६० तासांपुढे ते काहीच नव्हे. तरी त्यात एक शहाणपण आहे. बेळगावचा सुतार घ्या की गोव्यातला मेस्त घ्या, त्याची पटाशी त्याच्या वडिलांच्या हातून आलेली असते, धार लावून लावून ती मूळच्या निम्मी उरलेली असते आणि तिच्या दांड्यावर अंगठ्याचा खळगा पडलेला असतो. मूल जेव्हा ती हातांत घेते, तेव्हा धार कशी धरावी हे त्याला पात्यापेक्षा तो खळगाच आधी सांगतो. शाळेने अशा माणसाला वर्षातून दहा दिवस पाहुणा म्हणून न बोलाविता हत्यारे निवडण्याच्या बैठकीलाही बोलवावे, एवढीच आमची सूचना आहे.

आणि ती वही? ती राहू द्यावी. सार्वजनिक पैशाचा हिशेब ठेवलाच पाहिजे. फक्त तीत आणखी एक रकाना आखावा आणि तपासणीला आलेल्या अधिकाऱ्यांनी तो आधी वाचावा. 'किती शिल्लक' याच्या शेजारी 'किती झिजले' असे त्याचे शीर्षक असावे. ज्या शाळेत हा रकाना कोरा असेल, तेथे एकही नग हरवला नसला तरी पुष्कळ काही हरवले आहे, असे खुशाल समजावे.